वस्तूचं वर्णन

सोमवारी, टपालाची थैली बांधायच्या आत,
कुबलांचा हितेन खिडकीशी येतो.
अंगाला बर्फाच्या भुशाचा वास, नखं काळी,
आणि खाकी कागदात गुंडाळलेल्या अकरा कॅसेटी.

प्रत्येकी चौऱ्याऐंशी ग्रॅम. मी काटा दोनदा बघते.
परदेशी पार्सलाच्या फॉर्मवर एक रकाना असतो:
वस्तूचं वर्णन.
"काय लिवू?"
"डूम."
"माका समाजात असा सांग."
"गाणी, मॅडम. हळू वाजतत."
मी लिहिते: गाणी, हळू.
किंमत दोनशे. नाशवंत? नाही.

फिनलंड दोन, चिली एक, जपानात तीन,
तीन जर्मनीतल्या एकाच माणसाला, का ते विचारलं नाही.
एक दिमापूरला.
आणि एक आचऱ्याला, बास्त्यांव लुद्रिकच्या आईला.
बसनं पाऊण तास लागतो तिथं जायला,
पण ती पोराला म्हणाली, टपालानंच धाड,
म्हणजे वस्तू खरी वाटते.

बँडचं नाव गाळ.
कोळंबच्या खाडीत ओहोटीला होडी रुतते, तो.
मालवणच्या बर्फाच्या कारखान्यात रात्री वाजवतात,
यासीन मुजावरची पाळी असेल तेव्हाच.
कंप्रेसर एका सुरात घुमतो,
सगळ्या तारा त्यांनी त्या सुराला उतरवल्यात.
दिवे गेले म्हणून एक गाणं साडेचार मिनिटांत संपलं.
बाकीची तीन मिळून सदतीस.
तिसऱ्यात हितेन पोटातून एक लांब गुरगुर काढतो,
तर लाद्या ओढणारे गडी मागून ओरडतात:
व्हय म्हाराजा!
ते त्यांनी पुसलं नाही.

यंदा कुडाळच्या पोरांचीही आली, देवचार नावाची.
अख्खी बाजू अकरा मिनिटांत.
ऐकताना चुलीवर दूध उतू जातंय असं वाटत राहतं.
वेंगुर्ल्याची एक बाई एकटीच करते,
आरागिरणीत लाकूड चिरताना गुणगुणल्यासारखं.
पाठवणाऱ्याच्या जागी नाव घालत नाही.
मी घालायला लावते. नियम आहे.

चिलीची कॅसेट चार महिन्यांनी परत आली.
घेणारा सापडला नाही, असं असावं,
शिक्का मला वाचता येईना.
हितेन म्हणाला, "ऱ्हवांदे तुमच्याकडे."

घरी टेप आहे. रबर ढिला, पण फिरतो.
पहिला ठोका पडला.
मी डाळ धुतली, कुकर लावला,
तेव्हा कुठे दुसरा पडला.
आमच्या ह्यांनी विचारलं, बिघडला काय?
म्हटलं, नाही, असंच आहे ते.
पुढे मग दोघंही ठोक्यांची वाट बघत बसलो,
जशी धक्क्यावर ट्रॉलरची बघतात,
दिवा दिसतो, पण येत मात्र नाही.

दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत
काहीतरी होतं.
कान लावला. पेटी. झांज. फार लांब.
बांदिवडेकरांचं कॅसेटींचं दुकान बंद पडलं
तेव्हा पोरांनी उरलेला माल किलोवर उचलला होता,
जत्रांमधले दशावतार,
आणि त्यावरच आपलं भरलं.
पुसलं, पण पुरतं पुसलं गेलं नाही.

आणि मग तो आला, राक्षस,
मांडवाच्या मागून, पडदा हलायच्या आधी.
कोण नट, कुठल्या गावची जत्रा, ठाऊक नाही.
पोटातून काढलेली गुरगुर, लांब,
बायका पोरांना पदराखाली ओढत असतील अशी.
तिच्यावर चाळीस वर्षांनी हितेनची,
थोडी खाली, थोडी उशिरा.
कुठली कुणाची ते कळेना.
कुकरची तिसरी शिट्टी झाली. उठले नाही.

सोमवारी तो आला. त्याला मी काही बोलले नाही.
त्याला माहीत असेल, नसेलही.
नऊ पार्सलं, चौऱ्याऐंशी ग्रॅम.
रकान्यात लिहिलं: गाणी, हळू.
पुढे बोटभर जागा उरते.
पेन तिथं जरा वेळ टेकवून ठेवलं,
मागं पेन्शनवाल्यांची रांग,
मग शिक्का मारला.